काल ठीक होते, आज बरळायला लागले: औषधांमुळे ज्येष्ठांना डिलिरियम कसा होतो?

समजा, घरातल्या ७४ वर्षांच्या आजींना सर्दी-खोकला झालाय. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आधीपासून सुरू आहेत. झोप लागत नाही म्हणून रात्रीची एक छोटी गोळीही काही वर्षांपासून चालू आहे. सर्दीसाठी जवळच्या मेडिकलमधून गोळ्यांची एक पट्टी आणली जाते. तिसऱ्या रात्री आजी उठून बसतात. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणतात, चादरीवरून काहीतरी वेचत राहतात आणि मुलालाच विचारतात, 'तू कोण रे?' सकाळी त्या बऱ्यापैकी भानावर येतात. संध्याकाळी पुन्हा तेच.

मग घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं वय झालं, साठी बुद्धी नाठी. कुणाला अल्झायमरची शंका येते. 'बाहेरचं काही आहे का बघा' असा सल्लाही येतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहतो: गेल्या आठवड्यात कोणती नवी गोळी सुरू झाली?

अचानक आलेल्या अशा संभ्रमावस्थेला वैद्यकीय भाषेत डिलिरियम म्हणतात. त्यामागे अनेक कारणं असू शकतात, पण औषधं हे त्यातलं एक मोठं कारण आहे. संशोधनांच्या आढाव्यांनुसार ज्येष्ठांमधल्या डिलिरियमच्या १२ ते ३९ टक्के घटनांमध्ये औषध हे एकमेव तात्कालिक कारण असतं. कारण वेळीच ओळखलं तर बहुतेकदा माणूस पूर्ववत होतो. ओळखलं नाही, तर त्याच त्रासावर आणखी एक गोळी सुरू होते.

हे सगळं नेमकं कसं घडतं आणि घरच्यांनी काय करायचं, ते समजून घेऊया.

डिलिरियम म्हणजे नेमकं काय?

हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. त्याचा मूळ अर्थ आहे नांगराचं तास सोडून भरकटणं. मराठीत पूर्वी अशा अवस्थेला 'वात झाला' म्हणत. तापात बडबडणाऱ्या माणसाबद्दल 'वाताच्या भरात बोलतोय' असं आजही खेड्यापाड्यांत ऐकू येतं.

डिलिरियममध्ये सगळ्यात आधी बिघडतं ते अवधान, म्हणजे लक्ष एका जागी टिकवून ठेवण्याची क्षमता. माणूस बोलता बोलता हरवतो, प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, दिवस-रात्र कळेनाशी होते. काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात. हे सगळं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतं. संध्याकाळी आणि रात्री त्रास वाढतो.

त्याचे तीन प्रकार मानले जातात.

- चळवळा प्रकार: माणूस अस्वस्थ होतो, ओरडतो, उठून चालायला लागतो, सलाईनची नळी ओढतो. हा लगेच लक्षात येतो.
- मंदावलेला प्रकार: माणूस गप्प होतो, सतत झोपाळलेला राहतो, जेवत नाही, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो. 'थकलेत, झोपू द्या' म्हणून तो निसटतो.
- मिश्र प्रकार: दोन्ही आलटून-पालटून.

ज्येष्ठांमध्ये मंदावलेला प्रकार बराच आढळतो आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. शांत पडून असलेल्या माणसाची कुणाला काळजी वाटत नाही. पण अन्न-पाणी पोटात जात नाही, हालचाल थांबते, छातीत कफ साठतो, अंगाला जखमा होतात. त्यामुळे हा प्रकार दिसायला सौम्य असला तरी धोक्याला कमी नाही.

मग हा डिमेन्शियाच नाही का?

नाही. दोन्हींत गोंधळ दिसतो, पण फरक करता येतो.

- डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. डिलिरियम कधी सुरू झाला, तो दिवस घरचे सांगू शकतात.
- डिमेन्शियाच्या सुरुवातीच्या काळात माणूस जागा आणि सावध असतो, पण विसरतो. डिलिरियममध्ये जागेपणाच डळमळीत होतो.
- डिमेन्शियात रोजची स्थिती साधारण सारखी असते. डिलिरियममध्ये सकाळी ओळखणारा माणूस दुपारी ओळखत नाही.

अडचण अशी की दोन्ही एकत्रही असू शकतात. ज्यांना आधीपासून डिमेन्शिया आहे, त्यांनाच डिलिरियमचा धोका सर्वाधिक असतो. 'त्यांना विसरण्याचा आजार आहेच' म्हणून अचानक झालेला बदल सोडून दिला जातो आणि उपचार करता येण्याजोगं कारण तसंच राहतं.

औषधाने मेंदू गोंधळतो कसा?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. त्यातलं एक रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. लक्ष देणं, लक्षात ठेवणं आणि जागं राहणं या कामांत त्याचा मोठा वाटा असतो. काही औषधं या रसायनाचं काम अडवतात. त्यांना अँटिकोलिनर्जिक औषधं म्हणतात.

याचं आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे धोत्रा. धोतऱ्याच्या बियांमध्ये अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात आणि तीही नेमकं हेच करतात. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, तो हवेत काहीतरी पकडू पाहतो आणि बरळतो. वृद्ध माणसात सर्दीच्या किंवा खाजेच्या साध्या गोळीमुळे याच परिणामांची सौम्य आवृत्ती दिसू शकते. म्हणूनच गोंधळासोबत तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता किंवा लघवी अडणं दिसलं, तर डॉक्टर औषधाचा संशय घेतात.

सगळी औषधं याच वाटेने जात नाहीत. झोपेच्या गोळ्या मेंदूची सावधानता थेट कमी करतात. काही औषधं रक्तातलं सोडियम किंवा साखर घसरवतात आणि त्यामुळे मेंदू गोंधळतो.

उतारवयातच हे जास्त का होतं?

वयानुसार शरीर औषध वेगळ्या पद्धतीने हाताळतं. शरीरातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. चरबीत विरघळणारी औषधं त्यामुळे जास्त काळ अंगात राहतात. डायझेपाम या जुन्या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या आसपास हाच काळ ९० तासांच्या घरात जातो. म्हणजे काल रात्रीची गोळी अंगात असतानाच आज रात्रीची गोळी पडते.

दुसरा मुद्दा मूत्रपिंडाचा. बरीच औषधं लघवीवाटे बाहेर पडतात आणि वयासोबत मूत्रपिंडाची क्षमता घटते. इथे एक फसगत होते. रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. अंगावर मांस नसलेल्या कृश आजोबांचा क्रिएटिनिनचा आकडा 'नॉर्मल' दिसतो, पण मूत्रपिंडाचं काम प्रत्यक्षात बरंच मंदावलेलं असू शकतं. म्हणून डोस ठरवताना वय, वजन आणि क्रिएटिनिन यांचा एकत्र हिशोब करावा लागतो.

तिसरा मुद्दा गोळ्यांच्या संख्येचा. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, पोटाचे वेगळे. प्रत्येकाचं प्रिस्क्रिप्शन आपापल्या जागी बरोबर असतं, पण सगळी एकत्र मांडून पाहणारं कुणी नसतं. त्यात भर पडते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची.

कोणत्या औषधांकडे लक्ष ठेवायचं?

पुढची यादी 'ही औषधं वाईट आहेत' असं सांगण्यासाठी नाही. यातली अनेक औषधं गरजेची आहेत. ज्येष्ठ व्यक्तीमध्ये अचानक बदल दिसला, तर संशय कुठे घ्यायचा यासाठी ही यादी उपयोगी पडेल.

- सर्दी, अॅलर्जी आणि खाजेची जुन्या पिढीची औषधं: क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्झिझिन. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये यातलं एखादं असतं. पट्टीमागच्या बारीक अक्षरांत नाव सापडतं.
- झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम.
- तीव्र वेदनाशामकं: ट्रामाडॉल, पेथिडिन आणि इतर अफूवर्गीय औषधं. मात्र वेदना तशीच अंगावर काढणं हेही डिलिरियमचं कारण ठरतं. त्यामुळे वेदनेवर उपचार हवाच, पण निवड आणि डोस जपून.
- लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली औषधं: विशेषतः ऑक्सिब्युटिनिन.
- पोटात मुरडा आल्यावर दिली जाणारी: डायसायक्लोमिन, हायोसिन.
- नैराश्य आणि नसांच्या दुखण्यासाठीची जुनी औषधं: अॅमिट्रिप्टिलिन.
- पार्किन्सनची औषधं: ट्रायहेक्सीफेनिडिल, आणि काही वेळा लेव्होडोपासुद्धा.
- स्टेरॉइड: प्रेडनिसोलोनसारखी औषधं, मुख्यतः जास्त डोसमध्ये.
- काही अँटिबायोटिक: फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं. मूत्रपिंड कमजोर असताना सेफेपिम.
- मधुमेहाच्या काही गोळ्या: ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन. यांनी साखर फार खाली गेली की माणूस बरळतो. जेवण कमी झालेल्या वृद्धांत हे सहज होतं.
- लघवी वाढवणारी बीपीची औषधं आणि नैराश्याच्या काही गोळ्या: यांनी सोडियम घसरू शकतं.

आश्चर्य वाटेल, पण डोळ्यांत घालायचे अॅट्रोपिनचे किंवा सायक्लोपेंटोलेटचे थेंबही वृद्धांना गोंधळात टाकू शकतात. थेंबातलं औषध नाकावाटे शोषलं जाऊन रक्तात पोहोचतं. म्हणून डॉक्टरांना औषधं सांगताना थेंब आणि मलमंही सांगायची.

गोळी अचानक बंद केल्यानेही डिलिरियम होतो

ही बाजू फारशी माहीत नसते. वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणारी व्यक्ती ऑपरेशनसाठी रुग्णालयात दाखल होते. घरच्यांना ती गोळी सांगण्यासारखी वाटत नाही. दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, माणूस बरळतो. काहींना फिट येते. रोज दारू पिणाऱ्यांचं अचानक दारू सुटल्यावरही असंच होतं. ही जिवावर बेतणारी अवस्था असू शकते.

त्यामुळे हा लेख वाचून घरातल्या कुणाची झोपेची गोळी एका रात्रीत बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. रुग्णालयात दाखल करताना झोपेची गोळी आणि दारू, दोन्हींबद्दल न संकोचता सांगा.

एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी

डिमेन्शियाच्या एका आजोबांना डोनेपेझिल सुरू होतं. ते औषध मेंदूत अॅसिटिलकोलीन वाढवतं. त्याचा दुष्परिणाम म्हणून लघवीवरचा ताबा जातो. हा नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, जे अॅसिटिलकोलीनला अडवतं. आता दोन औषधं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात आणि आजोबांचा गोंधळ वाढतो. गोंधळासाठी तिसरी गोळी येते.

डॉक्टर याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. म्हणजे उतरंडीसारखी एकावर एक चढत जाणारी औषधं. ज्येष्ठांमध्ये नवं लक्षण दिसलं, की ते सध्याच्या एखाद्या औषधामुळे तर नाही ना, हे आधी तपासावं असं वृद्धरोगतज्ज्ञ सांगतात.

रुग्णालयात धोका वाढतो

रुग्णालयात दाखल होणाऱ्या ज्येष्ठांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एकाला डिलिरियम होतो. नितंबाच्या हाडाच्या ऑपरेशननंतर किंवा आयसीयूमध्ये हे प्रमाण आणखी वाढतं.

अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनोये यांनी या विषयावर मोलाचं काम केलंय. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयात डिलिरियमला निमित्त ठरणाऱ्या पाच गोष्टी पुढे आल्या: हात-पाय बांधून ठेवणं, कुपोषण, तीनपेक्षा जास्त नवी औषधं सुरू होणं, लघवीची नळी आणि उपचारांदरम्यान घडलेली एखादी गुंतागुंत. पाचही गोष्टी काही प्रमाणात टाळता येण्याजोग्या आहेत.

१९९९ मध्ये त्यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवरचा आणखी एक अभ्यास मांडला. त्यात निम्म्या रुग्णांसाठी साधे उपाय केले गेले. दिवस-तारीख सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवणं, पुरेसं पाणी पाजणं, लवकर चालवणं, झोपेच्या गोळीऐवजी कोमट पेय, शांत संगीत आणि पाठ चोळून देणं. या गटात ९.९ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, तर नेहमीची काळजी मिळालेल्या गटात १५ टक्क्यांना.

यातली बहुतेक कामं आपल्याकडे रुग्णाजवळ थांबणारे नातेवाईक करू शकतात.

डॉक्टर निदान कसं करतात?

डिलिरियमसाठी एकच अशी रक्तचाचणी नाही. १९९० मध्ये तयार झालेली 'कॅम' ही पद्धत जगभर वापरली जाते. त्यात चार गोष्टी पाहतात: बदल अचानक आणि कमी-जास्त होणारा आहे का, लक्ष टिकतं का, बोलणं विस्कळीत आहे का आणि जागेपणाची पातळी बदललीय का. पहिल्या दोन गोष्टी आणि शेवटच्या दोनपैकी एक असेल, तर डिलिरियम मानतात.

लक्ष तपासायला वार किंवा महिने उलटे म्हणायला सांगतात. रविवार, शनिवार, शुक्रवार असं. आजींना जानेवारी-फेब्रुवारी सवयीचे नसतील, तर फाल्गुन, माघ, पौष असंही चालू शकतं.

कारण शोधण्यासाठी साखर, सोडियम, मूत्रपिंडाचं काम, लघवी आणि छातीतला संसर्ग, ऑक्सिजन हे तपासलं जातं. औषधाचा संशय असला तरी या तपासण्या लागतात, कारण ज्येष्ठांमध्ये दोन-तीन कारणं एकत्र असणं नेहमीचं आहे. सर्दीची गोळी, थोडं न्यूमोनिया आणि कमी पाणी, असं मिळून चित्र बिघडतं.

इथे घरच्यांची साक्ष फार महत्त्वाची. 'हे नेहमी असेच असतात का?' या प्रश्नाचं उत्तर ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे नसतं. ते तुमच्याकडे असतं.

उपचार काय?

मुख्य उपचार म्हणजे कारण दूर करणं. संशयित औषध थांबवणं, कमी करणं किंवा बदलणं, आणि सोबत संसर्ग, पाणी, मीठ, वेदना, बद्धकोष्ठता यांवर उपाय. रुग्ण फार घाबरलेला असेल किंवा स्वतःला इजा करेल अशी भीती असेल, तेव्हाच हॅलोपेरिडॉलसारखं औषध अगदी कमी डोसमध्ये, थोड्या काळासाठी दिलं जातं. शांत करायला झोपेची गोळी दिली तर बऱ्याचदा गोंधळ वाढतो. दारू किंवा झोपेची गोळी सुटल्याने झालेल्या डिलिरियममध्ये मात्र त्याच गटातलं औषध उपचार म्हणून लागतं. म्हणून घरी परस्पर प्रयोग नको.

औषध थांबल्यावर काहींना दोन-तीन दिवसांत फरक पडतो, काहींना काही आठवडे लागतात. काही जण पूर्णपणे पूर्वस्थितीत येत नाहीत. डिलिरियम होऊन गेलेल्यांमध्ये पुढे पडण्याचा, डिमेन्शियाचा आणि मृत्यूचा धोका जास्त आढळतो. म्हणून 'होईल बरं' म्हणत वाट पाहू नये.

घरच्यांनी काय करायचं?

लगेच करायच्या गोष्टी:

- मधुमेह असेल तर घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती नीट गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका.
- चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट, खूप ताप, श्वासाला त्रास, डोक्याला मार किंवा उठवूनही न उठणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.
- बाकी वेळीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट चालणार नाही.
- घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. चालू, बंद केलेली, शेजाऱ्यांनी दिलेली, थेंब, सिरप, काढे, चूर्ण, सगळी. कोणती कधी सुरू झाली ते कागदावर लिहा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न:

- गेल्या दोन आठवड्यांत सुरू झालेल्या किंवा डोस वाढलेल्या औषधामुळे हे होऊ शकतं का?
- यातल्या कोणत्या गोळ्या आता गरजेच्या नाहीत?
- मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार डोस बरोबर आहेत का?

रुग्णाजवळ असताना वाद घालू नका. 'मुंग्या वगैरे काही नाही' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा हात धरून शांतपणे आपलं नाव, जागा आणि वेळ सांगा. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र लावून द्या. ओळखीचं एकच माणूस जवळ असू द्या, भेटायला येणाऱ्यांची गर्दी नको.

आधीच टाळता येईल का?

बऱ्याच प्रमाणात. ज्येष्ठांमध्ये जपून वापरायच्या औषधांची 'बीअर्स निकष' नावाची यादी आहे. अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी ती १९९१ मध्ये तयार केली आणि २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. जुन्या पिढीची अॅलर्जीची औषधं आणि झोपेच्या गोळ्या या यादीत ठळकपणे आहेत.

भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही औषधं २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. प्रिस्क्रिप्शनशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. सर्दीच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र ग्राहकानेच सावध राहिलेलं बरं. दुकानात 'सर्दीची गोळी द्या' एवढंच म्हणू नका. 'घेणाऱ्यांचं वय ७४ आहे, बीपी-शुगर आहे, झोपेची गोळी चालू आहे' हेही सांगा.

वर्षातून किमान एकदा सगळी औषधं एकाच डॉक्टरांसमोर मांडून आढावा घ्या. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र ओपीडीची तरतूद आहे.

औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्ण किंवा नातेवाईकही नोंदवू शकतात. त्यासाठी भारतीय फार्माकोपिया आयोगाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)